सूचीत बसलेला महाराष्ट्र

दहावीला भूगोलाच्या पेपरात भारताचा नकाशा यायचा आणि शेजारी छापलेलं असायचं, की पुढील बाबी दाखवा व सूची तयार करा. यातलं पहिलं काम सगळे करायचे. मुंबई हाय समुद्रात कुठेतरी सोडून द्यायचं, नर्मदा निळ्या पेन्सिलीने ओढायची, लोकटक सरोवर आठवलं तर मणिपुरात आणि नाही आठवलं तर हात थांबेल तिथे. सूची मात्र घंटा झाल्यावर आठवायची. एका बाजूने पर्यवेक्षक पेपर ओढतायत, दुसऱ्या बाजूने आपण धरून ठेवलाय, आणि मधल्या मध्ये कोपऱ्यात एक वाकडी चौकट उमटतेय. आमचे भूगोलाचे सर म्हणायचे, "सूची नसलेला नकाशा म्हणजे पाटी नसलेली एसटी. दिसते झकास, जाते कुठे ते कंडक्टरलासुद्धा माहीत नाही."

पुढे याच चौकटीवर माझं पोट चालणार आहे, असं त्या वयात कोणी सांगितलं असतं तर मी निदान पट्टी वापरली असती.

आता मी पुण्यातल्या एका संस्थेत बसून जिल्हानिहाय आकड्यांचे नकाशे करतो. रंगीत पेन्सिलींची पेटी गेली, तिच्या जागी 'आर' नावाची संगणकाची भाषा आली. तिच्यात आज्ञा लिहायच्या, की अमुक आकडा घे, अमुक जिल्ह्याला लाव, आकडा जेवढा मोठा तेवढा रंग गडद कर. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात. शार्ल द्युपँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८२६ साली असा पहिला नकाशा काढला. फ्रान्सच्या कोणत्या भागात किती मुलं शाळेत जातात, ते त्याला दाखवायचं होतं. जिथे शिक्षण कमी तो भाग त्याने काळा केला. गेली दोनशे वर्षं असा नकाशा हातात आला की माणूस एकच गोष्ट करतो. आधी आपला जिल्हा शोधतो, मग त्याचा रंग बघतो, मग शेजारच्या जिल्ह्याचा रंग बघतो आणि नकाशा परत देतो. पत्रिकेत मंगळ आहे का तेवढं बघून बाकीचे ग्रह गुंडाळून ठेवावेत, तसं. सूची वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतःसुद्धा दुसऱ्याच्या नकाशातली सूची पगार मिळाल्याशिवाय वाचत नाही.

तर एके दिवशी साहेब म्हणाले, "अहवालात लोकसंख्येच्या घनतेचा एक नकाशा टाका. साधाच."

साहेबांच्या तोंडून 'साधाच' हा शब्द आला की त्या आठवड्यात घरी पाहुणे बोलावू नयेत, हे मी अनुभवाने शिकलोय.

आकडे २०११ च्या जनगणनेचे. त्यानंतरची जनगणना लांबली, त्यामुळे आमच्या धंद्यात महाराष्ट्र अजून २०११ सालातच राहतो. त्या जनगणनेत जिल्हे ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे नकाशात जिल्हे ३६. म्हणजे नकाशात घर आहे आणि रेशनकार्डात माणूस नाही. शेवटी पालघरची ठाण्याशी पुन्हा सोयरीक जुळवली. मग नावांची भानगड. जनगणनेच्या इंग्रजी यादीत रायगडचं स्पेलिंग उच्चारलं की 'रायगढ' होतं, म्हणजे आपला शिवरायांचा रायगड सोडून माणूस थेट छत्तीसगडात उतरतो. बीडचं 'बिड' होतं. 'गोंदिया'त एक अक्षर जास्त. संगणकाला हे सगळे वेगवेगळे जिल्हे वाटतात. माणसाला वाटलं असतं, टायपिस्ट नवीन आहे. मध्यंतरी तीन जिल्ह्यांची नावंच बदलली. त्यावर मी काही बोलणार नाही, मला नकाशे करायचेत.

नकाशा झाला. घनता म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे माणसं किती. गडचिरोलीत ७४. मुंबई उपनगरात २०,९८०. मी सरळ माणूस असल्यामुळे या दोन टोकांच्या मध्ये पाच सारखे भाग पाडले, प्रत्येक भाग सुमारे ४,१८१ चा. फिकट पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत पाच रंग दिले आणि साहेबांसमोर ठेवला.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा काय, हळद सांडली?"

सगळा महाराष्ट्र पिवळा. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आणि भंडाऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत, एकजात. ठाणे हा २०११ साली लोकसंख्येने देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता, तोही गडचिरोलीच्याच पंगतीत. कारण ठाण्याची घनता १,१५७, आणि पहिला भाग तर ४,२५५ पर्यंत जातो. त्या एका भागात ३३ जिल्हे. दुसऱ्यात कोणी नाही. तिसऱ्यात कोणी नाही. चौथ्यातही शुकशुकाट. पाचव्यात दोन जिल्हे, मुंबई उपनगर आणि मुंबई शहर. आणि ते दोघे मिळून क्षेत्रफळ ६०३ चौरस किलोमीटर, राज्याच्या तीन लाख सात हजारांत. कागदावर तांदळाचे दोन दाणे. म्हणजे जिथे रंग आहे तिथे जागा नाही आणि जिथे जागा आहे तिथे रंग नाही.

"साहेब, यात चूक नाहीये. महाराष्ट्र आहेच असा."

"असा असला तरी असा छापायचा नसतो," साहेब म्हणाले.

आमच्याकडे सध्या एक मुलगी शिकाऊ म्हणून आली आहे. मला 'सर' म्हणते आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहून माझ्या चुका आधी मनात मोजते, मग निम्म्या सांगते. ती म्हणाली, "सर, नकाशा राहू द्या तसाच. सूचीत छोटा आलेख टाकू या."

सूचीत काय असतं? पाच रंगांच्या पाच चौकटी आणि शेजारी आकडे. इथून इथपर्यंत पिवळा, इथून इथपर्यंत केशरी. पिवळ्यात जिल्हे किती आणि केशरीत किती, हे ती सांगत नाही. रिकाम्या वर्गाचीही चौकट असते आणि भरलेल्या वर्गाचीही तेवढीच. हॉटेलातल्या मेनूकार्डासारखं. पन्नास पदार्थ छापलेत, त्यातले मिळतात किती ते वेटरला विचारायचं. चौकटींच्या जागी छोटा आयतालेख टाकला की तो वेटरचं काम करतो. आडव्या रेषेवर घनता, उभ्या खांबात जिल्ह्यांची संख्या, आणि खांबांना तेच रंग जे नकाशाला. नकाशा क्षेत्रफळ बघून आवाज चढवतो. सगळ्यात मोठा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, सतरा हजार चौरस किलोमीटर डोळ्यांत घुसवतो. आलेखात मात्र अहिल्यानगर एक आणि तांदळाचा दाणाही एकच. ग्रामसभेत जमीनदार आणि भूमिहीन दोघांचं एकेकच मत, तसं. (असं पुस्तकात लिहिलेलं असतं.)

नकाशात आलेख घालायची हौस जुनी आहे. शार्ल मिनार नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने १८५८ साली पॅरिसला कुठून किती मांस येतं याचा नकाशा काढला आणि प्रत्येक विभागावर एकेक छोटा पाय चार्ट बसवला: गोमांस एवढं, वासराचं एवढं, मेंढीचं एवढं. हे मी साहेबांना उत्साहाने सांगितलं. पण साहेबांचा पाय चार्टवर पहिल्यापासून राग आहे. गोल गरगरीत वस्तूला पाय कुठून आले, असा त्यांचा रास्त प्रश्न असतो. शिवाय सोमवार होता, आणि त्यांचा सोमवार असतो.

आता हे काम किती वेळाचं? मुलीने सांगितलं, "सर, टीमॅप नावाचं पॅकेज आहे. त्यात सूचीत आलेख हवा म्हणून एक शब्द लिहायचा आणि पुढे 'ट्रू'. झालं." खरंच झालं असतं. पण टीमॅपची चौथी आवृत्ती आली आणि तो शब्द बदलला. जुना शब्द लिहिला की यंत्र लांबलचक सूचना देतं, की पूर्वी असं लिहायचात, आता असं लिहा. सरकारी कार्यालयात जुना फॉर्म भरून नेला की खिडकीतले गृहस्थ जसे चष्म्यावरून बघतात, तशीच नजर त्या लाल अक्षरांत असते. पायथनवाल्यांकडे तर याच कामासाठी खास पॅकेज आहे, नाव लेजंडग्राम. सूचीला ते लेजंड म्हणतात. मी रात्री फोनवर कोणाला तरी "लेजंड अजून बसत नाहीये" असं म्हणत होतो, ते आईने ऐकलं. दुसऱ्या दिवशी चहा देताना विचारलं, "तुमच्या ऑफिसात लेझीम आहे का रे गणपतीत?"

मला सगळं हाताने करायची खोड. नकाशा एक, आलेख एक, आणि एक दुसऱ्याच्या कोपऱ्यात चिकटवायचा. सोपं वाटतं. पोळपाटावर पोळी लाटताना बाजूला एक पुरी लाटण्याइतकं सोपं.

पहिली ठेच वर्ग पाडताना. 'कट' नावाची आज्ञा असते. तिला सीमा सांगितल्या की ती आकड्यांचे वर्ग पाडते. मी म्हटलं ७४ पासून सुरू कर. नकाशा आला आणि गडचिरोली राखाडी. आकडा नाही, माहिती उपलब्ध नाही. मी आकडा तपासला, होता. नाव तपासलं, बरोबर. तासाभराने कळलं, की ही आज्ञा ७४ च्या पुढचे आकडे घेते, खुद्द ७४ ला घेत नाही. सगळ्यात खालच्यालाही आत घ्या असं वेगळं लिहून द्यावं लागतं, आणि न सांगितल्यास तिचं ठरलेलं उत्तर 'नाही' असतं. मी मुलीला म्हटलं, "अगं, ही भाषा परदेशी लोकांनी लिहिली. त्यांना गडचिरोलीचं कोणी सांगितलं?"

दुसरी ठेच जागेची. महाराष्ट्राच्या नकाशात रिकामी जागा खाली उजवीकडे. प्रत्यक्षात तिथे तेलंगण आणि कर्नाटक आहेत, पण आमच्या नकाशांत गेली कित्येक वर्षं तिथे सूची नांदते. आलेख कुठे ठेवायचा ते शून्य ते एकमधल्या चार आकड्यांनी सांगायचं असतं: डावी कड, खालची कड, उजवी कड, वरची कड. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा आलेख अरबी समुद्रात पडला. मुंबई हायची आठवण झाली. दुसऱ्यांदा गडचिरोलीवर बसला, म्हणजे मघाशी एवढ्या खटपटीने परत आणलेला जिल्हा पुन्हा झाकला. मग सुरू झाला तो ०.६२ की ०.६३ चा खेळ. भिंतीवर फ्रेम लावताना बायको मागून सांगते ना, "थोडं डावीकडे, अं, जास्त झालं", तसं मी स्वतःच स्वतःला सांगत होतो. फरक एवढाच, की भिंतीवर चौदा भोकं पडली तर पुसता येत नाहीत.

तिसरी ठेच मराठीची. आलेखाखाली 'जिल्ह्यांची संख्या' लिहिलं. पडद्यावर नीट दिसलं. पीडीएफ केली आणि ऱ्हस्व वेलांटी 'ज'च्या उजवीकडे जाऊन उभी राहिली, 'ल्ह्या'चे तीन तुकडे झाले, आणि 'संख्या' हा शब्द अपघातस्थळी वाहतूक थांबल्यासारखा दिसायला लागला. आर भाषेत नेहमीच्या पद्धतीने पीडीएफ केली तर ती देवनागरी जोडाक्षरं जुळवत नाही. 'कैरो' नावाच्या दुसऱ्या वाटेने जावं लागतं. पुण्याहून इजिप्तमार्गे 'जिल्हा'. पण तिथून तो सुखरूप आला.

इतकं करून आलेख जागेवर बसला, आणि तेव्हाच घोळ सुरू झाला. कारण आलेख बोलायला लागला.

साहेबांना हळद नको होती. त्यांनी सुचवलं, "सगळ्या रंगांना सारखे जिल्हे वाटून द्या." याला शास्त्रीय आधार आहे. जिल्हे घनतेच्या क्रमाने उभे करायचे आणि सारख्या संख्येचे गट पाडायचे. ३५ जिल्हे, पाच रंग, रंगामागे सात. पंगतीत सात सात पानं. नकाशा एकदम रंगपंचमी. साहेब खूश. पण सूचीतला आलेख बघितला तर पाच खांब, पाचही सात उंचीचे. कुंपणाच्या फळ्या. वर्गच असे पाडल्यावर खांब दुसरं काय सांगणार? वर शेवटच्या गडद रंगात सात जिल्हे: मुंबई उपनगर, मुंबई शहर, ठाणे, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि नाशिक. नाशिकची घनता ३९३. मुंबई उपनगराची २०,९८०. दोघांचा रंग एकच. नाशिकला माझा मावसभाऊ राहतो, मागे अंगण आहे, अंगणात द्राक्षाचा वेल आहे. तो अंधेरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या रंगाचा झाला.

मुलीने मग जेंक्स लावून बघितलं. जॉर्ज जेंक्स हे अमेरिकेतले नकाशाशास्त्रज्ञ. आकड्यांत नैसर्गिक फटी जिथे असतील तिथेच कुंपण घालावं, ही त्यांची रीत. संगणकाने फटी शोधल्या. मुंबई उपनगराला स्वतंत्र रंग, मुंबई शहराला स्वतंत्र रंग, ठाण्याला स्वतंत्र रंग, आणि उरलेल्या ३२ जिल्ह्यांना मिळून दोन रंग. गणिताने यापेक्षा बरोबर उत्तर निघत नाही. पण साहेबांनी बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला, जो चढण्यापेक्षा वाईट असतो. "तिघांना तीन खोल्या आणि बत्तीस जणांना दोन? हा अहवाल मराठवाड्यातही जाणारे. विदर्भातही जाणारे. तुम्हाला मोर्चा हवाय का?"

मी लॉग मापाचा विषय काढला. आडव्या रेषेवर १०० पासून १,००० पर्यंत जेवढं अंतर, तेवढंच १,००० पासून १०,००० पर्यंत. याने आलेख फार सुंदर होतो. सगळे जिल्हे ऐसपैस बसतात आणि मुंबईही फार लांब राहत नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे दादरपासून ठाणे आणि ठाण्यापासून नागपूर सारखंच लांब?" मी सांगितलं, की साहेब, जलद लोकल जशी मधली स्टेशनं सोडते... पण साहेब स्लो लोकलने वाढलेले. तो विषय तिथेच उतरला.

तडजोड झाली. नकाशा साहेबांचा, सूची माझी. वर सात सात जिल्ह्यांची रंगपंचमी, आणि कोपऱ्यातल्या आलेखात सरळ माप, ७४ ते २०,९८०, पन्नास सारखे खांब. मी म्हटलं, वरचं झालं पुढाऱ्यांसाठी, खालचं ज्याला बघायचंय त्याच्यासाठी.

तो आलेख काय निघाला म्हणून सांगू. पहिल्याच खांबात ३० जिल्हे, एकावर एक, पाचही रंगांचे थर. तळाशी कोणी, खांद्यावर कोणी, थेट दहीहंडी. शेजारच्या खांबात दोनच, पुणे आणि कोल्हापूर. थोडे फुशारकीने वेगळे उभे. त्यांच्या शेजारी ठाणे एकटं. मग सगळा रस्ता मोकळा. त्रेचाळीस खांबांच्या जागा, एकही खांब नाही. नजर चालत चालत थकते आणि मग पार उजव्या टोकाला मुंबई शहर, मध्ये दोन जागा सोडून मुंबई उपनगर. शेजारी राहतात, बोलत नाहीत. हंडी डावीकडे फुटतेय आणि हे दोघे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला टॅक्सीची वाट बघत उभे आहेत. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी महाराष्ट्राचं इतकं खरं चित्र काढलं नव्हतं, आणि ते पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं.

घरी आणून आईला दाखवलं. आई कुडाळची. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, पण आईने ते अजून मनावर घेतलेलं नाही. तिने आधी नकाशात रत्नागिरीवर बोट ठेवलं, ते खाली सरकवत सिंधुदुर्गावर आणलं आणि म्हणाली, "आपण फिकट का रे?"

"माणसं कमी म्हणून."

"कमी कशी असतील, सगळी मुंबईला आहेत." मग कोपऱ्याकडे बघून तिने चष्मा पुसला. "आणि हे एवढे लांब कोण बसलेत? यांना जेवायला वाढलं नाही का?"

"ती मुंबई, आई. दोन्ही मुंबया."

"हां," ती म्हणाली. "म्हणजे तिथेच आपला दादा, माई, बाबलो, सगळे." आणि त्या दोन ठिपक्यांवर तिने हळूच बोट फिरवलं. मी एवढी पॅकेजं बसवली, एवढ्या वेलांट्या वाचवल्या. सूचीतला आलेख नीट वाचणारा पहिला माणूस माझ्या स्वयंपाकघरात निघाला.

अहवाल छपाईला गेला. छापखान्यात एक डीटीपीवाले आहेत, मूळचे इचलकरंजीचे. माणूस कामसू. त्यांना पीडीएफ पाठवली की ती कोरल ड्रॉमध्ये उघडतात आणि न सांगता दोन-तीन गोष्टी सुधारून देतात. आठ दिवसांनी प्रती आल्या. मी नेहमीप्रमाणे थेट कोपऱ्याकडे बघितलं.

दहीहंडी होती. पुणे-कोल्हापूर होते. ठाणे होतं. रस्ता नव्हता, आणि रस्त्याच्या टोकाला कोणी उभं नव्हतं.

फोन लावला. "अहो, त्या छोट्या आलेखाच्या उजव्या टोकाला..."

"व्हय सर, बघितलं मी," ते समाधानाने म्हणाले. "दोन बारीक डाग आलते बघा. अर्ध्या मिलिमीटरचं असतील. म्हटलं घाण दिसतीय, छापून आली तर तुमचा साहेब बोंबलंल. साफ करून टाकली. आणि मधी लई मोकळी जागा सुटलीती, ती बी कापली. खालचं आकडं जरा दाटलं हुतं, ते काढलं. आता कसं सुटसुटीत झालंय."

मी जनगणनेचा तक्ता उघडला. मुंबई उपनगर ९३,५६,९६२. मुंबई शहर ३०,८५,४११. बेरीज १,२४,४२,३७३ माणसं. त्यात दादा, माई आणि बाबलो.

तेवढ्यात साहेब आत आले, प्रत हातात घेतली, या वेळी पहिल्यांदाच सूचीपर्यंत गेले आणि म्हणाले, "हे बघा. सांगत होतो ना, सोपं करा म्हणून."

छापखान्याचं बिल आलं तेव्हा मी ते नीट वाचलं. साफसफाईचे पैसे त्यांनी लावले नव्हते.